दृष्टिदानाची वाट

मोतीबिंदू हा वार्धक्याचा जुना सोबती होय. डोळ्यातील पारदर्शक भिंग वयोमानाने गढूळ होते, प्रकाश आत शिरेनासा होतो आणि माणूस हळूहळू अंधारात जातो. परंतु अंधत्वाच्या अनेक कारणांपैकी या कारणावर खात्रीचा उपाय आहे. येथे एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. मरणोत्तर नेत्रदानाने बुबुळावरील पारदर्शक पडद्याचे रोग बरे होतात. मोतीबिंदूस दुसऱ्या कोणाच्या डोळ्याची गरज नसते. त्यास गरज असते ती कुशल हाताची, निर्जंतुक जागेची आणि रोग्यास तेथवर पोहोचविणाऱ्या माणसाची. यांतील तिसरी गरज दात्यांच्या ध्यानी फार उशिरा आली. तो इतिहास आम्ही ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

गढूळ भिंग शलाकेने बाजूस सारण्याची क्रिया सुश्रुतसंहितेत वर्णिली आहे. तीच विद्या फिरते वैद्य शतकानुशतके गावोगाव करीत आले. काहींस थोडेबहुत दिसू लागे. पुष्कळांचा डोळा मागाहून पिकून कायमचा जाई. फ्रान्समधील जाक दाव्हिएल याने १७४७ मध्ये भिंग बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया केली व नवे युग सुरू झाले. मराठी मनास अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे तंजावरचे सरफोजीराजे भोसले (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी या विद्येस राजाश्रय दिला. त्यांच्या काळच्या नेत्ररुग्णांच्या नोंदी व रोगट डोळ्यांची चित्रे तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झालेली आहेत.

पण राजधानीतील उपचार खेड्यातील म्हाताऱ्यास कसा मिळावा? विसाव्या शतकात या प्रश्नास शिबिराचे उत्तर मिळाले. पंजाबात मोगा येथे डॉ. मथुरादास पहवा यांनी गोरगरिबांचे असंख्य डोळे उघडले. त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील विजापूर जिल्ह्यात, बिळगी येथे, १९१६ साली जन्मलेले डॉ. मु. च. मोदी यांनी १९४३ पासून शस्त्रक्रियेचे साहित्य घेऊन गावे पालथी घातली. एका दिवसात ८३३ शस्त्रक्रिया केल्याचा त्यांचा उच्चांक गिनीज बुकात नोंदलेला आहे. अशा शिबिरांसाठी शाळा व धर्मशाळा मोकळ्या होत. गावातील मंडळी रोग्यांस जेवू घालीत.

या पुण्यकार्यास दोन उणिवा होत्या. भिंग काढलेल्या रोग्यास जाड काचांचा चष्मा लागे. तो फुटला वा हरवला की माणूस पुन्हा परावलंबी होई. दुसरी उणीव अधिक भयंकर होती. १९८६ साली उत्तर प्रदेशात खुर्जा येथे एका सेवाभावी संस्थेच्या शिबिरात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या ८८ जणांपैकी ८४ जणांचा तो डोळा जंतुसंसर्गाने कायमचा गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले व १९८९ मध्ये निकाल लागला. संस्थेचा हेतू निर्मळ होता, परंतु निर्मळ हेतूने हत्यारे निर्जंतुक होत नाहीत. दानधर्म करणाऱ्या प्रत्येक मंडळाने हा धडा लक्षात ठेवावा.

निराळी वाट दाखविली ती मदुरेच्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी. संधिवाताने त्यांच्या हातांची बोटे वेडीवाकडी झाली होती. तरी त्याच बोटांनी शस्त्र धरण्याचा सराव करून त्यांनी एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. सरकारी नोकरीतून वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होताच, १९७६ मध्ये, त्यांनी अवघ्या ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय काढले. ऐपत असलेल्यांकडून पैसे घ्यावे आणि त्यातून नसलेल्यांचे विनामूल्य करावे, हा तेथील शिरस्ता.

मोफत उपचार असूनही पुष्कळ आंधळे घरीच का बसतात, याचाही त्यांनी शोध घेतला. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत यामागची सामाजिक व आर्थिक कारणे मांडली आहेत. गाडीभाडे नाही, बाहेरगावी जेवणाची सोय नाही, सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते, आणि मनात भीती असते! म्हणून तेथे रीतच बदलली. गावात फक्त तपासणी करावयाची, रोग्यांस गाडीने रुग्णालयात न्यावयाचे, शस्त्रक्रिया तेथेच करावयाची आणि परत आणून सोडावयाचे. गावातील शिबिराची व्यवस्था व त्याची दवंडी मात्र स्थानिक मंडळांनी पत्करावयाची. यामुळे सोय व सुरक्षितता दोन्ही साधली.

जाड चष्म्याचा प्रश्नही सुटला. लंडनमध्ये हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले होते. पण ते गरिबास परवडणारे नव्हते. १९९२ मध्ये मदुरेस ‘ऑरोलॅब’ सुरू झाली, तेथे अशी भिंगे तयार होऊ लागली व त्यांची किंमत पुष्कळ पटींनी उतरली. सरकारनेही १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. आपल्या महाराष्ट्रात डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात व आनंदवनासारख्या ठिकाणी केलेली सेवा सर्वश्रुत आहे.

आता आपल्या ज्ञातिसंस्थेने काय करावे? डॉक्टर आपण होऊ शकत नाही, आणि शस्त्रक्रियागृह उभारणे आपल्या आवाक्याबाहेर आहे. परंतु चांगल्या रुग्णालयाशी संधान बांधून गाडीभाडे, सोबत्याचे जेवण, बुडालेली मजुरी आणि पुढील तपासणीची फेरी एवढा भार आपला निधी सहज उचलू शकेल. त्यावर दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी लागणार नाही, हे खरे; पण इतिहास सांगतो की, दृष्टिदानाची वाट अडते ती येथेच.

आणखी एक विनंती. या उपचारात स्त्रिया पुरुषांच्या मागे राहतात, असे जाणकार सांगतात. खेड्यातील आपल्या घरीही एखादी आत्या वा आजी ‘आता या वयात काय पाहायचे राहिले आहे?’ असे म्हणून कोपऱ्यात बसलेली असेल. तिचे म्हणणे खरे मानू नये. भाकरी भाजता यावी, विहिरीची कड दिसावी, पणतूचा चेहरा ओळखता यावा, एवढे तरी तिचे पाहायचे राहिलेले आहेच. ज्ञातीच्या निधीस हात घालण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरचा कोपरा तपासावा, अशी आमची सर्वांस नम्र प्रार्थना आहे.