प्रजासत्ताक मोडलं, संपादक नाही

बिबवेवाडीतल्या माझ्या खोलीतून बोलतोय. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली तर सांभाळून घ्या.

आपल्या पुण्यात गोवामुक्ती म्हटलं की १९५५चा सत्याग्रह आठवतो, सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे आठवतात. आजचा आपला माणूस त्याच्या पंचवीस वर्षं आधी उभा राहिलेला. लुईस द मिनेझिस ब्रागांझा. जन्म १८७८, दक्षिण गोव्यातल्या चांदोर गावचा. घराणं कॅथलिक, जमीनदार. त्यांचा तो भलामोठा वाडा आजही बघायला मिळतो.

१९०० साली 'ओ हेराल्दो' हे गोव्यातलं पहिलं पोर्तुगीज दैनिक निघालं, तेव्हा मेसियास गोमिश यांच्यासोबत हेही होते. वय अवघं बावीस! १९१० साली लिस्बनमध्ये राजेशाही पडून प्रजासत्ताक आलं आणि पुढच्याच वर्षी ब्रागांझांनी 'ओ देबात' हे स्वतःचं पत्र काढलं.

आता तुम्ही म्हणाल, लिस्बनमध्ये राजा गेला, त्याचं गोव्याला काय? तर राजेशाहीत कॅथलिक धर्म हाच राज्याचा धर्म होता. प्रजासत्ताकानं धर्म आणि राज्य वेगळं केलं आणि गोव्यातल्या हिंदूंना कायद्यानं बरोबरीचं स्थान मिळालं. स्वतः कॅथलिक घरातले ब्रागांझा याच समतेच्या बाजूनं लिहीत होते.

पण १९२६ साली लष्करानं ते प्रजासत्ताक मोडलं. १९३० साली सालाझार यांनी वसाहत कायदा आणला. परक्या भूमीवर ताबा ठेवणं आणि तिथे वसाहती करणं हे पोर्तुगीज राष्ट्राच्या मूळ प्रकृतीतच आहे, असा त्याचा दावा!

४ जुलै १९३० रोजी ब्रागांझांनी गोव्याच्या विधिमंडळात उलटा ठराव मांडला. आपलं भवितव्य आपण ठरवण्याचा हक्क पोर्तुगीज भारत सोडत नाही, कारण तो हक्क त्याच्या मूळ प्रकृतीतच आहे. म्हणजे बघा, कायद्यातलाच शब्द उचलून त्यांनी कायद्यावर फेकला. तोही पोर्तुगीज भाषेत, पोर्तुगीजांच्याच सभागृहात.

मला वाटतं, त्यांचं खरं मोठेपण इथे आहे. ते प्रजासत्ताकवादी होते ते लिस्बनमध्ये कोणाची सत्ता आहे हे बघून नव्हे. लिस्बननं ते तत्त्व टाकून दिलं, तेव्हा त्यांनी तेच लिस्बनविरुद्ध वापरलं.

१९३८ साली ते गेले. गोवामुक्ती त्यांनी पाहिली नाही. पण पुढच्या खेपेला स्वारगेटहून गोव्याची बस धरलीत, तर पणजीत एक पाटी नक्की वाचा. १८७१ साली वास्को द गामाच्या नावानं सुरू झालेली तिथली संस्था आता मिनेझिस ब्रागांझा यांच्या नावानं ओळखली जाते. दर्यावर्दीचं नाव उतरलं आणि तिथे एका पत्रकाराचं लागलं.

भेटू पुढच्या भागात.