येरवड्याच्या वाटेकडून दोन खुर्च्यांकडे

"याला आता येरवड्याला पाठवा!" सातारा-सांगलीकडच्या घरांतून ही थट्टा आपण ऐकली आहे, कदाचित केलीही आहे. या थट्टेमागे एक इतिहास आहे आणि तो हसण्याजोगा नाही.

१९१२ च्या लुनसी कायद्याने मनोरुग्ण हा मुख्यतः बंदोबस्ताचा विषय ठरवला. नातलगांचा अर्ज, डॉक्टरांचे दाखले आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम या वाटेने माणूस येरवड्याच्या वा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात पोहोचे. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १ एप्रिल १९९३ रोजी अमलात आला, तोवर हीच चौकट टिकली. मन आजारी पडणे म्हणजे घराण्याला बट्टा, हा समज त्यातून अधिकच घट्ट झाला. दुखणे एक तर लपवले गेले, नाही तर देवऋष्याच्या दारात नेले गेले.

मात्र त्याच सुमारास युरोपात एक निराळी वाट रुळत होती. व्हिएन्नाचे डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१३ मध्ये उपचारांच्या आरंभाविषयी एक निबंध लिहिला. पहिले एक-दोन आठवडे परस्परांच्या अजमावणीचे समजावेत. वेळ ठरलेली असावी. पैशाची गोष्ट संकोच न करता बोलावी. आणि आगगाडीच्या खिडकीशी बसलेला प्रवासी शेजाऱ्याला बाहेरची पालटती दृश्ये सांगतो, तसे मनात येईल ते रुग्णाने सांगत जावे, असे त्यांचे म्हणणे. फ्रॉइड यांची कित्येक मते पुढे मागे पडली. पण ठरलेली वेळ, ठरलेले शुल्क आणि मोकळे बोलणे ही शिस्त राहिली.

आपल्या भागातही ही वाट हळूहळू आली. सांगली-मिरज रस्त्यावरील 'कृपामयी' या मनोरुग्णालयाचे नाव इतके रुळले, की जवळचा रेल्वेपूलही लोक त्याच नावाने ओळखतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्यात जन्मले, सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकले व मिरजेत डॉक्टर झाले. साताऱ्यातील 'परिवर्तन' ही व्यसनमुक्तीचे कार्य करणारी संस्था त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. श्रद्धेविषयी त्यांची भूमिका आपल्याहून भिन्न होती. परंतु व्यसनी माणसाला दोष न देता त्याच्यावर उपचार करावेत, हे त्यांचे सांगणे शुभवर्तमानाला परके नाही.

येथे आपल्यापैकी अनेकांच्या मनात प्रश्न उभा राहतो : पापनिवेदन आहे, धर्मगुरू आहेत, मग परक्या माणसापुढे मन का उघडावे? या प्रश्नाला पोप बारावे पायस यांनी १३ एप्रिल १९५३ रोजी मानसोपचारतज्ज्ञांच्या रोममधील परिषदेपुढे स्पर्श केला. खऱ्या अपराधाचे ओझे केवळ मानसशास्त्राने उतरत नाही, त्याला पश्चात्ताप व क्षमाच हवी. परंतु अपराधाची भावना रोगटही असू शकते, हे त्यांनी मान्य केले. तेव्हा पापनिवेदनाची जाळी आणि उपचारकाची खुर्ची यांत वैर नाही. एकीकडे क्षमा मिळते, दुसरीकडे दुखण्याचे मूळ शोधले जाते.

त्या खुर्चीत बसल्यावर काय घडते? पहिल्या भेटीत बहुधा विचारपूसच होते : झोप, भूक, घरची माणसे, पूर्वीची दुखणी. बैठक पाऊण ते एक तासाची व सहसा आठवड्यातून एकदा असते. शुल्क, रद्द केलेल्या भेटीचा नियम आणि उपचारकाचे शिक्षण प्रारंभीच विचारावे. त्यात उद्धटपणा नाही. गोळ्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तथापि, जिवाला धोका असेल किंवा बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर उपचारकाला मौन पाळता येत नाही. पापनिवेदनाच्या गुप्ततेहून येथे फरक आहे, तो ध्यानी असावा.

दोन भेटींत चमत्कार होत नाही. जुनी जखम उघडल्यावर आरंभी दुखणे वाढल्यासारखेही वाटते. तेही तिथेच सांगावे. सूर जुळला नाही, तर दुसऱ्या उपचारकाकडे जाण्यात कृतघ्नता नाही. जीव नकोसा झाला असेल, तर मात्र भेटीच्या दिवसाची वाट पाहू नये. १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर तत्काळ बोलावे.

पूर्वी माणसाला हुकमाने नेले जाई; आज तो स्वतःच्या पायांनी जाऊ शकतो. इतिहासाने एवढे अंतर कापले आहे. उरलेले अंतर आपल्या घराच्या उंबरठ्यावर आहे. आपल्या घरातले कोणी उद्या असा निघाला, तर "लोक काय म्हणतील?" असे न विचारता आपण "मी सोबत येऊ का?" असे विचारू या.