ठुमरीच्या घरातील ड्रमवादक

वऱ्हाडच्या माणसाला तालाचे वावडे नाही. अमरावती जिल्ह्यातील यावलीत जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) एका खंजिरीच्या साथीने गावेच्या गावे जागी केली, आणि मोझरीच्या गुरुकुंजात त्या खंजिरीचा मान आजही आहे. अकोल्याच्या वरातीत बँडपथकाचा ढोल वाजू लागला की वयोवृद्धांचीही पावले हलतात. तरीही, आपल्याच घरातील मुलाने 'मी रॉक बँडमध्ये ड्रम वाजवणार' असे म्हटले की आईवडिलांच्या कपाळी आठ्या पडतात. तबला शिकणारा मुलगा वळणाचा आणि ड्रम बडवणारा हाताबाहेर गेलेला, ही विभागणी आपण फारसा विचार न करता स्वीकारली आहे. ती कितपत टिकते हे पाहावयाचे असेल तर त्रिलोक गुर्टू यांच्या चरित्राकडे वळावे, असे आम्हांस वाटते.

ड्रमसेट हे मुळात एक वाद्य नव्हेच. लष्करी बँडमध्ये मोठा ढोल, बाजूचा छोटा ढोल आणि झांजा वेगवेगळ्या माणसांच्या हाती असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत, विशेषतः न्यू ऑर्लिअन्सच्या नाचगाण्याच्या बैठकांत, एकच माणूस हे सर्व सांभाळू लागला. १९०९ मध्ये लुडविग बंधूंनी पायाने ढोल वाजविण्याच्या पॅडलचे पेटंट घेतले आणि वादकाच्या पायालाही काम मिळाले. मुंबईच्या हॉटेलांतील नृत्यवृंदांत हे वाद्य रुळले ते बहुतांशी गोव्याच्या कॅथलिक वादकांमुळे. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकविली जात असे, त्याचे हे फळ. म्हणजे ज्या वाद्यावरून आमच्या गायकवृंदांत अधूनमधून वाद होतात, त्याचा आपल्या समाजाशी संबंध जुना आहे. (दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात ऑर्गनला मानाचे स्थान देऊन, उपासनेस साजेशा इतर वाद्यांना दार उघडे ठेवले, हे वाद घालणाऱ्या उभय पक्षांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.)

गुर्टू मात्र या परंपरेतून आले नाहीत. त्यांची आई म्हणजे विख्यात ठुमरीगायिका शोभा गुर्टू. १९२५ मध्ये बेळगावला भानुमती शिरोडकर म्हणून जन्मलेल्या शोभाताईंच्या आई मेनकाबाई या उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या शिष्या. स्वतः शोभाताईंना भुर्जी खाँ यांची तालीम मिळाली. 'सामना' या १९७५ च्या चित्रपटामुळे त्यांचा स्वर मराठी प्रेक्षकांच्याही ओळखीचा झाला. अशा घरात ३० ऑक्टोबर १९५१ रोजी मुंबईत त्रिलोक यांचा जन्म झाला. लहानपणीच हाताखाली तबला आला. आईच्या गाण्याशेजारी बसून ठेका धरणे, गायिकेने शब्द लांबविला की आपण थांबणे, आणि तिने समेवर यायचे ठरविले की तिच्या आधी अर्धा श्वास तयार असणे, हे शिक्षण कोणत्याही पुस्तकात मिळत नाही.

पाश्चात्त्य ड्रमकडे ते वळले ते १९७० च्या दशकात. ते एका मुलाखतीत सांगतात ती गोष्ट मोठी मौजेची आहे. परदेशी ध्वनिमुद्रिका ऐकून ते वादन आत्मसात करीत, परंतु ध्वनिमुद्रणात एकच वादक वेगवेगळे भाग निरनिराळ्या वेळी वाजवितो आणि ते नंतर एकावर एक चढविले जातात, हे त्यांस ठाऊक नव्हते. जे ऐकू येते ते सारे एकाच माणसाने एका बैठकीत वाजविले असणार, अशा समजुतीने ते सर्व भाग एकदम वाजविण्याचा सराव करीत राहिले! अज्ञानाने एवढे चांगले काम क्वचितच केले असेल.

पुढे ते युरोपात गेले. जर्मनीच्या म्युनिक शहरात १९६९ मध्ये स्थापन झालेला 'एम्ब्रियो' नावाचा रॉक बँड पूर्वेकडील संगीताच्या शोधात होता. त्याच्या १९७७ च्या 'अपो-कॅलिप्सो' या ध्वनिमुद्रिकेत त्रिलोक यांनी वाजविले, आणि त्याच मुद्रिकेत शोभाताई गायल्या. येथे आम्ही क्षणभर थांबतो. घराण्याची तालीम घेतलेली पन्नाशीची गायिका जर्मन रॉक बँडच्या ध्वनिमुद्रणात उभी राहते, तेव्हा तिने काही गमावले असे आम्हांस वाटत नाही. मुलगा कोठे गेला ते तिने स्वतः जाऊन पाहिले. १९८८ मध्ये त्रिलोक यांची स्वतःची पहिली ध्वनिमुद्रिका 'उस्फ्रेत' निघाली, तिच्यातही आईचा आवाज आहे.

दरम्यान १९८४ मध्ये 'ओरेगॉन' या अमेरिकी वाद्यवृंदातील सतार व तबला वाजविणारे कॉलिन वॉलकॉट जर्मनीत अपघातात मरण पावले. त्यांच्या जागी पुढे गुर्टू आले. एका अमेरिकी तबलावादकाच्या जागी मुंबईचा ड्रमवादक यावा, हा योगही विचित्रच. नंतर गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रयीत ते दाखल झाले. १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधील त्यांच्या मैफलीची ध्वनिमुद्रिका आजही मिळते. 'मदर टंग्ज', म्हणजे मातृभाषा, या रचनेत ते हातांनी वाजविता वाजविता तोंडाने बोल म्हणू लागतात, आणि श्रोत्यांना ती भाषा येत नसूनही ते टाळ्यांनी दाद देतात.

त्यांची बैठकही निराळी. पाश्चात्त्य ड्रमवादक स्टुलावर बसतो. गुर्टू बहुधा जमिनीवर अर्धवट गुडघे टेकून वाजवितात. तबला हाताशी, झांजा खांद्याच्या उंचीवर, आणि शेजारी पाण्याने भरलेली बादली. झांज वाजवून तिची कड पाण्यात बुडविली की स्वर वाकतो, थरथरतो. शिंपल्यांची माळही ते अशीच पाण्यात सोडतात. बादलीचा उपयोग पाहून आमच्यातील काही ज्येष्ठांस हसू येईल. हसावे, पण डोळे मिटून एकदा ऐकावेही.

अमेरिकेच्या 'डाउनबीट' नियतकालिकाच्या समीक्षकांनी १९९० च्या दशकात त्यांना एकाहून अधिक वेळा सर्वोत्तम तालवादक म्हणून निवडले. आफ्रिकेतील गायक, तुवा प्रांतातील कंठगायक, इटलीचे तंतुवाद्य चतुष्टय यांच्याबरोबर त्यांनी ध्वनिमुद्रिका केल्या. शोभाताईंना २००२ मध्ये पद्मभूषण मिळाले. २७ सप्टेंबर २००४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर पंधरा वर्षांनी, २०१९ मध्ये, त्रिलोक यांनी आपल्या नव्या ध्वनिमुद्रिकेस नाव दिले: 'गॉड इज अ ड्रमर'.