टायगर रणगाड्याचा प्रतिकृती-संच

टायगर-१ या दुसऱ्या महायुद्धातील जर्मन जड रणगाड्याची प्रमाणबद्ध प्रतिकृती घरी जोडता यावी म्हणून विकला जाणारा सुट्या प्लास्टिक भागांचा संच. सर्वाधिक रूढ प्रमाण १:३५. या प्रमाणात तोफेसह सुमारे ८.४५ मी. लांबीचा रणगाडा २४ सेंमी. भरतो आणि समोरचे १०० मिमी. जाडीचे चिलखत ३ मिमी.हूनही पातळ होते.

मूळ रणगाडा हेन्शेल कंपनीने जर्मनीतील कासेल येथे ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४४ या काळात बनवला. वजन ५७ टन, तोफ ८८ मिमी., चालक-तोफचींसह पाच जणांचे दल. एकूण उत्पादन साडेतेराशेच्या आसपासच राहिले, तरी प्रतिकृतींच्या जगात याच्याइतके संच फार थोड्या रणगाड्यांचे निघाले आहेत.

१:३५ हे प्रमाण इंच-फुटांच्या किंवा मेट्रिक हिशेबात कुठेच सहज बसत नाही. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी मोटरवर चालणारी पँथर रणगाड्याची प्रतिकृती काढली. आत विजेरीचे सेल मावावेत, या सोयीने तिचा आकार ठरला. नंतर मोजल्यावर तो मूळच्या पस्तिसाव्या भागाइतका निघाला. पुढे हेच प्रमाण जगभरच्या उत्पादकांनी स्वीकारले. टायगरचे संच १:७२, १:४८ आणि १:१६ या प्रमाणांतही मिळतात. १:१६चे काही संच रेडिओ-नियंत्रणावर चालतात.

कोणताही चांगला संच सर्वसाधारण टायगरचा नसतो. तो विशिष्ट टप्प्यातल्या टायगरचा असतो. उत्पादनाच्या दोन वर्षांत रणगाड्यात सतत बदल होत गेले. सुरुवातीच्या गाड्यांवर कमांडरसाठी उंच, नळकांड्यासारखा निरीक्षण-घुमट होता. १९४३च्या मध्यापासून त्याजागी बसका, ओतीव घुमट आला. धुळीसाठी मागच्या बाजूला बसवलेली हवेची गाळणयंत्रे नंतर गेली. १९४३च्या उत्तरार्धात चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून चिलखतावर झिमेरिट या लेपाचा खडबडीत थर येऊ लागला आणि फेब्रुवारी १९४४पासून रबरी धावांच्या चाकांऐवजी पोलादी धावांची चाके आली. म्हणून खोक्यावर आरंभीचा, मधला किंवा अखेरचा टप्पा लिहिलेला असतो. तामियाने अखेरच्या टप्प्याचा संच १९८९मध्ये आणि आरंभीच्या टप्प्याचा १९९७मध्ये काढला. भिन्न टप्प्यांचे भाग एकाच प्रतिकृतीत मिसळले, तर जोडणी कितीही सफाईदार असली तरी जाणकाराला ते खटकते, आणि ते रास्तही आहे.

भाग पॉलिस्टायरीनचे असतात. वितळलेले प्लास्टिक पोलादी साच्यात दाबाने भरून ते काढतात आणि ते चौकटींना जोडलेल्या अवस्थेतच येतात. ते कापून, कडा घासून, द्रावकाने चिकटवतात. द्रावक प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवत असल्याने दोन भाग सांध्यापाशी एकजीव होतात. जाळ्या, कड्या असे नाजूक तपशील काही संचांत रसायनाने कोरलेल्या पितळी पत्र्यातून दिलेले असतात. झिमेरिटचा थर कोणी पुट्टीवर दातेरी हत्याराने उठवतात, तर कोणी तयार पातळ आवरण चिकटवतात.

जोडणाऱ्याची खरी कसोटी चाकांपाशी लागते. आरंभीच्या टायगरला प्रत्येक बाजूस आठ आस आणि एकमेकांत गुंतलेली २४ चाके होती. आतली रांग रंगवल्याशिवाय बाहेरची बसवली, तर तिथे पुन्हा कुंचला पोहोचत नाही. वरच्या बाजूला पट्टा तोलणारी वेगळी चाके नसल्यामुळे पट्टा स्वतःच्या भाराने झोल घेऊन चाकांवरच टेकतो. संचातील मऊ सलग पट्टा मात्र ताठ राहतो. त्यामुळे अनेक जण एका बाजूचे ९६ दुवे सुटे जोडणे पसंत करतात.

रंगही काळानुसार बदलतो. आधी गडद करडा, फेब्रुवारी १९४३नंतर गडद पिवळ्या पायावर तांबूस तपकिरी आणि हिरवे पट्टे. हे पट्टे बहुधा पथकेच आघाडीवर मारत, त्यामुळे त्यांचा एकच ठरलेला नमुना सांगता येत नाही. क्रमांक आणि क्रॉस पाण्यात भिजवून चिकटवायच्या डिकॅलच्या रूपात येतात. अखेरीस पातळ गडद रंगाने खाचा उठावदार करतात आणि माती-गंजाच्या छटा देतात.

मूळ टायगर आज जगात मोजकेच उरले आहेत. एप्रिल १९४३मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला १३१ क्रमांकाचा टायगर इंग्लंडमधील बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये चालत्या स्थितीत आहे. आरंभीच्या टप्प्याच्या अनेक संचांत त्याच्याच क्रमांकाचे डिकॅल दिलेले असतात.