गॅसच्या वासाची कुळकथा

ज्वारीचं पेव उघडल्याबरोबर आत कुणी उतरायचं नाही, हा मराठवाड्यातल्या जुन्या घरांचा दंडक होता. वालूर हे परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं, काळ्या रानाचं गाव. अशा ज्वारीच्या मुलखात वर्षाचं धान्य जमिनीच्या पोटात ठेवायची रीत होती. कोंडलेलं धान्यही श्वास घेतं. आतला प्राणवायू ते संपवतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. हा वायू हवेपेक्षा जड, त्याला रंग नाही, आणि माणसाला जाणवेल असा वासही नाही. तो तळाशी साचून राहतो. म्हणून पेवाचं तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं, मग दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा. दिवा विझला तर माणूस उतरत नसे. आडाचा गाळ काढतानाही हीच परीक्षा होई. वालूरची चक्राकार पायऱ्यांची जुनी बारव पाहायला आता लांबून माणसं येतात. तिचं तोंड रुंद असल्यामुळे तिथे वारा खेळतो, पण अरुंद, झाकलेल्या आडाची गोष्ट वेगळी. विझणारा दिवा फक्त प्राणवायू कमी असल्याचं सांगतो, इतर विषारी वायूंचं काहीच सांगत नाही. तेव्हा आज या परीक्षेच्या भरवशावर कुणी विहिरीत किंवा टाकीत उतरू नये.

तरी त्या दिव्यामागचा विचार मला मोलाचा वाटतो. जे डोळ्यांना दिसत नाही, ते कळावं म्हणून माणसाने एक खूण ठरवली. स्वयंपाकाच्या गॅसला येणारा वास ही अशीच ठरवून दिलेली खूण आहे, कारण तो गॅसचा स्वतःचा वास नव्हे. टाकीत असतात प्रोपेन आणि ब्युटेन, आणि शुद्ध असतील तर नाकाला त्यांचा पत्ताही लागत नाही. पेवातल्या वायूसारखेच तेही हवेपेक्षा जड आहेत आणि जमिनीलगत पसरतात. फरक एवढाच, की इथे दिवा नेऊन पाहणं म्हणजे घर पेटवणं.

महाराष्ट्रात घरगुती गॅसची सुरुवात टाकीने झाली नाही. मुंबईत 1865 साली रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. तो गॅस दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढलेला असे आणि जमिनीखालच्या नळांतून शहरभर फिरे. पुढे तो घरांच्या शेगड्यांपर्यंतही पोचला. त्यात कार्बन मोनॉक्साइडसारखं विष होतं, पण कोळशातल्या गंधकामुळे त्याला स्वतःचा उग्र दर्प होता. गळती झाली की आपोआप कळे, त्यामुळे वेगळा वास घालायची गरज कुणाला वाटली नाही.

वास मुद्दाम घालण्याची कल्पना जर्मनीतली, 1880च्या सुमाराची. तिथे वाफ आणि तापलेला कोळसा यांच्यापासून ‘वॉटर गॅस’ बनू लागला होता. तो विषारी होता आणि त्याला जवळजवळ वास नव्हता. त्यात इथाइल मर्कॅप्टन मिसळायचं सुचलं. हे द्रव्य झाइसे नावाच्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने 1834 साली तयार केलं होतं. सडलेला कांदा, लसूण, कुजलेला कोबी यांची आठवण करून देणारा त्याचा वास अब्जांशाच्या प्रमाणातही नाकाला झोंबतो. उपाय हाताशी होता, तरी जगाने तो सहजासहजी उचलला नाही. विहिरींतून निघणारा नैसर्गिक वायू अमेरिकेत घरोघर पोचला तेव्हा तो कितीतरी ठिकाणी बिनवासाचाच होता.

त्याची किंमत मुलांनी मोजली. टेक्सासमधल्या न्यू लंडन गावची शाळा तेलाच्या पैशावर उभी राहिलेली, परिसरात मानाची होती. 1937च्या सुरुवातीला शाळेने खर्च वाचवण्यासाठी विकतचा गॅस बंद केला आणि तेलविहिरींवरून वाया जाणाऱ्या गॅसच्या नळाला जोड मारला. त्या भागात अनेक जण तसं करत. जोड गळत होता. इमारतीच्या जमिनीखाली लांबच लांब पोकळी होती, तिच्यात गॅस साचत गेला. मुलांची डोकी दुखत होती, पण वासच नसल्याने कुणाला शंका आली नाही. 18 मार्च 1937 रोजी दुपारी, शाळा सुटायच्या बेताला, कार्यशाळेतलं विजेचं यंत्र सुरू करताना ठिणगी उडाली. सुमारे तीनशे जीव गेले, त्यांत बहुतेक मुलं. काही आठवड्यांतच टेक्सासने गॅसमध्ये वास मिसळण्याची सक्ती करणारा कायदा केला आणि ती सक्ती पुढे देशोदेशी पसरली.

भारतात टाकीतला गॅस 1955 साली मुंबईत आला. बर्मा-शेल कंपनीने तो ‘बर्शेन’ या नावाने आणला. इंडियन ऑइलचा ‘इंडेन’ 1965चा. 1976 साली बर्मा-शेलचं राष्ट्रीयीकरण झालं आणि त्यातूनच आजचं भारत पेट्रोलियम उभं राहिलं. हा गॅस आला तेव्हाच वास अंगावर घेऊन आला. गावोगावी मात्र चूल, पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या यांचंच राज्य पुढे कित्येक वर्षं राहिलं. 1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हा कुठे खेड्यांतल्या गरीब घरांत टाकी मोठ्या संख्येने शिरली. ज्या बाईने जन्मभर धुराला डोळे दिले तिला हा वास नवा होता. धूर दिसतो, चटका लागतो, त्याची ओळख शिकवावी लागत नाही. या वासाची ओळख करून द्यावी लागते, आणि ते काम शेगडी जोडून देणाऱ्या माणसाने पाच मिनिटं बसून करायला हवं. सही घेऊन निघून जाणं पुरेसं नाही, असं माझं ठाम म्हणणं आहे.

नियम साधा आहे. हा गॅस हवेत सुमारे 2 टक्के झाला की पेट घेऊ शकतो. त्याच्या एक पंचमांश, म्हणजे 0.4 टक्क्यालाच, तो नाकाला कळला पाहिजे. 14.2 किलोच्या टाकीला त्यासाठी मर्कॅप्टनचे मोजके थेंब पुरतात. टाकी संपत आली की वास जास्त येतो, हे घराघरांतल्या बायकांचं निरीक्षण अगदी खरं आहे. मर्कॅप्टन प्रोपेन-ब्युटेनपेक्षा सावकाश उडतं, त्यामुळे तळाच्या द्रवात त्याचं प्रमाण वाढत जातं. म्हणून काही ‘संपत आला असेल’ असं म्हणून वासाकडे पाठ फिरवायची नाही.

कॅलिफोर्नियातल्या टर्की गिधाडांनाही ही खूण कळली. मांस कुजतानाही याच जातीचं द्रव्य सुटतं. गॅसचा नळ गळत असेल तिथे ही गिधाडं घिरट्या घालतात, हे तेल कंपनीच्या माणसांच्या ध्यानात आलं आणि गळती शोधायला त्याचा उपयोग झाला. केनेथ स्टेगर या पक्षिशास्त्रज्ञाने 1964 साली या पक्ष्याच्या घ्राणशक्तीवर सविस्तर लिहिलं. आपल्याकडची गिधाडं मात्र नजरेने अन्न हेरतात.

नाकालाही मर्यादा आहेत. त्याच वासात थोडा वेळ बसलं की नाक मरतं आणि गॅस तसाच असून वास गेल्यासारखा वाटतो. वय वाढतं तशी घ्राणशक्ती मंदावते. करोनाच्या काळात कितीतरी जणांचा वास गेला आणि काहींचा पुरता परतला नाही. घरात एकटी म्हातारी आई असेल, तर तिला वास कळतो की नाही हे विचारून घ्यावं. शंका असेल तर गळती ओळखून वाजणारं यंत्र बसवावं, आणि टाकीच्या गॅससाठी ते जमिनीलगतच बसवावं.

खरा धोका बहुतेक वेळा टाकीत नसतो, जोडांत असतो. वायसर झिजतो, नळी कडक होते, उंदीर ती कुरतडतात. नारिंगी रंगाची, आत तारेची जाळी असलेली प्रमाणित नळी घ्यावी, तिच्यावरची तारीख वाचावी आणि पाच वर्षांत ती बदलावी. टाकीच्या कड्याजवळच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे आकडे असतात. अक्षर तिमाही सांगतं, म्हणजे ‘बी’ असेल तर एप्रिल ते जून. ती मुदत उलटलेली टाकी घ्यायची नाही. गळती पाहायची तर साबणाचं पाणी लावावं, बुडबुडे आले की जागा सापडली. काडी ओढून पाहणं कधीही नाही.

आता सेलूसारख्या गावांतच नाही, खेड्यांतल्या नव्या बंगल्यांतही टाकी मागच्या बाजूला ठेवून तांब्याची लाइन ओट्यापर्यंत आणतात. टाकी घराबाहेर राहते, हे चांगलंच. पण दिसायला नीट म्हणून ती लाइन जोडासकट भिंतीत गाडून वर प्लास्टर करतात, ते मला फार धोक्याचं वाटतं. गाडलेला जोड सुटला तर साबण लावायला जागा नाही, आणि गॅस भिंतीच्या पोकळीतून भलत्याच खोलीत निघतो. न्यू लंडनच्या शाळेत जमिनीखाली झालं ते हेच. लाइन उघडी असावी, भिंतीतून आरपार जाते तिथे तिला बाहेरून दुसऱ्या नळीचं आवरण असावं, आणि काम वितरकाच्या मेकॅनिककडूनच करून घ्यावं.

वास आलाच तर विजेचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही, दोन्हीत ठिणगी असते. रेग्युलेटर बंद करून टोपण लावायचं, दारं-खिडक्या उघडायच्या, माणसांना बाहेर काढायचं आणि बाहेर येऊन 1906 वर फोन करायचा. गॅस खाली साचलेला असतो, म्हणून जमिनीला टेकलेलं दार उघडणं वरच्या खिडकीपेक्षा महत्त्वाचं.

मुंबईत 1995 साली महानगर गॅस कंपनी स्थापन झाली आणि नळाचा गॅस नव्या रूपात घरांत आला. हा मिथेन आहे. त्याला वास दिलेला असतो याच कुळातल्या द्रव्याचा, पण तो हवेपेक्षा हलका असतो आणि छताकडे जातो. त्यामुळे गळती ओळखणारं यंत्र वर लागतं, वरची झरोके-खिडकी मोकळी लागते, आणि शेगडीची छिद्रंही जाणकाराकडून बदलून घ्यावी लागतात. टाकीवर वाढलेल्या घरात असा नळ येईल, तेव्हा हा फरक पहिल्याच दिवशी घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवायला हवा. नाकाला दोन्ही गॅस सारखेच लागतात. एक पायाशी शोधायचा असतो आणि दुसरा डोक्यावर, ते वास सांगत नाही.