जळके ऑइल

जळके ऑइल : इंजिन, गिअरपेटी, कॉम्प्रेसर, हायड्रॉलिक यंत्रे यांतून बदलून काढलेले खनिज किंवा संश्लेषित वंगणतेल. गॅरेजांत ‘काळं ऑइल’ असेही म्हणतात. वापरामुळे त्यात काजळी, पाणी, इंधनाचा अंश आणि धातूंचा कीस मिसळतो, पूरक रसायने खर्ची पडतात. मूळ तेल मात्र बहुतांश शाबूत राहते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या हिशोबानुसार सुमारे २.४ लिटर वंगणतेल मिळवायला १५९ लिटर, म्हणजे पिंपभर, कच्चे तेल लागते. तितकेच वंगण ३.८ लिटर जळक्या ऑइलातून निघते.

बहुतेक घातक कचऱ्याला कोणी विचारत नाही. जळक्या ऑइलाची अडचण उलटी आहे : त्याला गिऱ्हाईक फार. बांधकामावर सेंटरिंगच्या फळ्यांना ते फासतात, वाळवी लागू नये म्हणून वाशांना आणि कुंपणाच्या खांबांच्या बुडाला लावतात, भट्ट्यांत जाळतात. नुसते गाळून, रंग फिकट करून नव्या डब्यात भरून विकणारेही आहेत. रिकामा डबा भोक पाडून मगच भंगारात द्यावा, तो यासाठी. या वापरांत तेलातली घाण नाहीशी होत नाही. फळीवरून ती मातीत व विहिरीत उतरते, साध्या भट्टीतून जड धातूंसह धुरात जाते. शुद्ध न केलेल्या खनिज तेलांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. इंजिनात त्यात बहुचक्रीय ॲरोमॅटिक संयुगांची आणखी भर पडते, तरी मेकॅनिक उघड्या हातांनीच ऑइल काढताना दिसतात.

खरा धोका भेसळीचा. अमेरिकेतील मिझुरी राज्यात टाइम्स बीच या गावाने १९७० च्या दशकात धूळ बसावी म्हणून कच्च्या रस्त्यांवर टाकाऊ तेल फवारून घेतले. कंत्राटदाराने त्यात एका रासायनिक कारखान्याचा, डायॉक्सिन हे विषारी रसायन असलेला गाळ मिसळला होता. १९८२ मध्ये ते उघड झाले, पुढच्या वर्षी सरकारने घरे विकत घ्यायचे ठरवले आणि सुमारे दोन हजार वस्तीचे गाव कायमचे उठले. गॅरेजात हीच चूक लहान प्रमाणात रोज होते. ब्रेक ऑइल, कूलंट, थिनर, पार्ट धुतलेले रसायन असे सगळे एकाच पिंपात ओतले जाते. क्लोरीनयुक्त द्रावक किंवा जुन्या ट्रान्सफॉर्मरचे तेल मिसळले, तर पूर्ण पिंपच शुद्धीकरणाला निरुपयोगी ठरू शकते. झाकणाचे वेगळे पिंप, खाली गळती धरणारी परात आणि वर ठळक नाव, इतक्याने हे टळते.

पुनर्शुद्धीकरणात आधी तेल तापवून व निथळवून पाणी आणि हलके इंधन काढतात, मग निर्वात ऊर्ध्वपातनाने वंगणाचा भाग वेगळा करतात. शेवटी माती किंवा हायड्रोजन वापरून रंग, वास व गंधक कमी करतात. सल्फ्युरिक आम्लाची जुनी पद्धत स्वस्त होती, पण तिच्यातून उरणारा आम्लयुक्त डांबरी गाळ मूळ तेलापेक्षाही घातक.

भारतात घातक व इतर कचरा नियम, २०१६ यांच्या पहिल्या अनुसूचीत हे तेल ५.१ या क्रमांकाखाली येते. शुद्ध होण्याजोगे ‘वापरलेले तेल’ आणि फक्त भट्टीत इंधन म्हणून चालणारे ‘टाकाऊ तेल’ असा भेद नियम करतात. तो शिसे, पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात आढळणारी क्लोरीनयुक्त संयुगे) आदींच्या प्रमाणावरून ठरतो. साठा साधारणतः ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. माल प्रदूषण नियंत्रण मंडळाने अधिकृत केलेल्या घटकालाच द्यायचा आणि सोबत नमुना १० मधील वाहतूक-चलन लागते. तेलाने भिजलेले कॉटन वेस्ट आणि फिल्टर यांचीही घातक कचऱ्यातच गणना होते. महाराष्ट्रात अशा कचऱ्यासाठी तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे सामाईक प्रक्रिया केंद्रे आहेत.

मोठ्या कारखान्यांना हे जमते. महिन्याला दोन-चार कॅन साठणाऱ्या गॅरेजकडे मात्र कोणताही शुद्धीकरण कारखाना गाडी पाठवत नाही. तिथे पोहोचतो तो रोख पैसे देऊन कॅन उचलणारा फेरीवाला. २०१६ च्या नियमांतील सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीने वंगणतेल उत्पादकांवर विस्तारित जबाबदारी, म्हणजे विकलेल्या तेलाच्या ठरावीक हिश्शाइतके वापरलेले तेल पुनर्चक्रित करवून घेण्याची, टाकली. ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली असून पहिल्या वर्षी हा हिस्सा ५ टक्के होता. याच दुरुस्तीने तेल गोळा करणाऱ्यांनाही नोंदणीच्या चौकटीत आणले आहे.