दोन पिन : पैसे घेणाऱ्याच्या ओळखीचा एक लहानसा इतिहास

महाराष्ट्रात वणी दोन आहेत. नाशिककडच्या माणसासाठी वणी म्हणजे दिंडोरी तालुक्यातले, सप्तशृंगीच्या वाटेवरचे गाव. आमच्याकडची वणी कापसाची आणि कोळशाची, यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाची. एके काळी तिचा मान मोठा होता. जिल्ह्याची कचेरी यवतमाळला असली तरी १९०५ पर्यंत इंग्रजी दप्तरात अख्खा जिल्हा 'वून', म्हणजे वणी, याच नावाने ओळखला जाई. नंतर जिल्ह्याचे नाव गेले, तालुका उरला.

एकाच नावाची गावे आणि वाचता न येणारे पत्ते हा टपाल खात्याचा जुना ताप. त्यावर तोड काढली ती एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक-तार खात्यातले अधिकारी आणि संस्कृतातले कवी. त्यांनी आखलेली सहा आकड्यांची पिन पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. आमच्या वणीच्या वाट्याला ४४५३०४ आला, नाशिककडच्या वणीचा आकडा ४२२ ने सुरू होतो. पत्र किंवा मनीऑर्डर चुकीच्या वणीला जाण्याचे कारण उरले नाही. हा पिन जितक्यांना सांगाल तितका उपयोगी.

आज मोबाईलवरच्या पैशांच्या व्यवहारात जो पिन लागतो त्याचे नाव तेच, स्वभाव नेमका उलटा. तो कोणालाही सांगायचा नसतो. पहिला पिन घेणारा कुठे आहे ते सांगतो, दुसरा देणाऱ्याची संमती नोंदवतो. पैसे पाठवण्याच्या व्यवहारात पुरावा कोणी द्यायचा, देणाऱ्याने की घेणाऱ्याने, हा प्रश्न या फरकात दडलेला आहे. फोन-पेवर किंवा गुगल-पेवर होणारी बहुतेक फसवणूक याच फटीतून आत येते, असे मला वाटते. ती फट किती नवी आहे हे पाहायचे तर आधी हुंडीकडे जावे लागते.

रोकड घेऊन वाटचाल करणे जोखमीचे होते, म्हणून हुंडी. एका गावच्या पेढीवर रुपये भरायचे, चिठ्ठी घ्यायची, दुसऱ्या गावच्या पेढीवर ती दाखवून रुपये उचलायचे. दाखवताच पैसे मिळत ती दर्शनी, ठरल्या दिवसांनी मिळत ती मुदती. पण मला महत्त्वाचा वाटतो तो वेगळा भेद. ज्याच्या हाती चिठ्ठी असेल त्याला पैसे देणारी धनीजोग हुंडी होती, तशीच शहाजोग हुंडीही होती. शहाजोगाचे पैसे फक्त 'शहा'ला, म्हणजे त्या बाजारात पत असलेल्या सावकारालाच, मिळत. परका मनुष्य ती घेऊन आला तर त्याला आधी बाजारातला एखादा ओळखीचा शहा गाठावा लागे. पुढे हुंडी चोरीची निघाली तर पैसे परत करण्याची जबाबदारी त्या शहाची. आज मराठीत 'शहाजोग' म्हणजे साळसूदपणाचा आव आणणारा. शब्दाची ही घसरण पतपेढ्यांच्या इतिहासावर काही बोलते का, हे भाषेच्या अभ्यासकांनी पाहावे.

हुंडीचा मजकूरही सावधपणे लिहिलेला असे. रक्कम एकदाच लिहीत नसत. हजार रुपये लिहिले की पुढे त्याचे निम्मे पाचशे, आणि त्याचे दुप्पट पुरे द्यावेत, असे लिहीत. पाठीमागे चौकट आखून रक्कम पुन्हा मांडत. एका शून्याची भर घालून हजाराचे दहा हजार करणाऱ्याला मग तीन-चार जागी हात मारावा लागे. हुंडी गहाळ झाली तर दुसरी प्रत निघे ती पैठ, तीही हरवली तर परपैठ. पैसे चुकते झाले की भरपाईची नोंद झालेली तीच हुंडी 'खोखा' म्हणून काढणाऱ्याकडे परत जाई. १८८१ चा परक्राम्य दस्तऐवज कायदा करतानाही इंग्रजांनी देशी भाषांतल्या अशा कागदांचे स्थानिक रिवाज पहिल्याच कलमात बाजूला ठेवून दिले.

फसवणूक तेव्हाही होती. नरसी मेहतांची कथा कीर्तनातून सगळ्यांनी ऐकलेली आहे. द्वारकेला निघालेल्या यात्रेकरूंना हुंडी हवी होती, आणि गावच्या टवाळांनी त्यांना पेढी नसलेल्या नरसींच्या दारी धाडले. नरसींनी शामळशा शेठच्या नावे हुंडी लिहून दिली. द्वारकेत त्या नावाचा शेठ कोणालाच माहीत नव्हता. भक्तीचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तर उरते ते हेच, की सही कितीही प्रामाणिक असो, समोर पैसे देणारा खराखुरा माणूस नसेल तर कागद कोरा.

१ जानेवारी १८८० पासून मनीऑर्डरचे काम टपाल खात्याकडे आले. गिरणगावातून कोकणात जाणाऱ्या मनीऑर्डरींवर साहित्यात बरेच लिहिले गेले आहे. कोळसा खाणींच्या पट्ट्यातून परप्रांती गावांकडे गेलेल्या मनीऑर्डरींवर फारसे नाही, कोणी तरी लिहायला हवे. पद्धत साधी होती. पोस्टमन रोख रक्कम घेऊन दारात येई. घेणारा सही करी, सही येत नसेल तर अंगठा, आणि अंगठ्याला साक्षीदार. मग त्या सही-अंगठ्याची पावती उलट प्रवास करून पाठवणाऱ्याच्या हाती पडे. खोखा काय, पावती काय, व्यवहार पुरा झाल्याचा पुरावा घेणाऱ्याच्या हातून निघत असे.

यूपीआयने हा क्रम उलटवला. भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाची ही व्यवस्था ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रघुराम राजन यांच्या हस्ते सुरू झाली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी आली, ३० डिसेंबरला भीम ॲप आले, आणि पुढच्या काही वर्षांत भाजीच्या पाटीपर्यंत तो काळा-पांढरा चौकोन पोचला. क्यूआर कोड हा मुळात १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांनी मोटारींचे सुटे भाग मोजायला तयार केला होता. सुट्या भागाला स्वतःची ओळख पटवावी लागत नाही. चौकोनामागचा माणूसही तसाच गप्प असतो. पिन टाकायचा तो देणाऱ्याने.

जुने फर्निचर किंवा मोटरसायकल विकायची जाहिरात टाकली की 'मी लष्करात आहे, बदली झाली आहे, पैसे आधीच पाठवतो' असा फोन येतो. पाठोपाठ एक क्यूआर कोड येतो, 'हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.' शतकभर ज्या समाजाने सही केल्यावर पैसे हाती पडताना पाहिले, त्याला हे खटकत नाही. मनीऑर्डर घेताना आपण काही तरी करतच होतो! इथे मात्र पिनचा अर्थ एकच आहे : माझ्या खात्यातून पैसे काढा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही, कोणाची विनंती मंजूर करावी लागत नाही. फसलेल्याला आपण भाबडा म्हणतो. खरे तर त्याची जुनी सवय शाबूत असते, व्यवहार उलटा झालेला असतो.

दुकानदाराची फसवणूक याच नाण्याची दुसरी बाजू आहे. गिऱ्हाईक पडद्यावर हिरवी खूण दाखवतो आणि माल घेऊन जातो. पडदा त्याचा, पावती त्याची, प्रसंगी ॲपही बनावट. म्हणून मग आकडा मोठ्याने बोलणारा डबा गल्ल्यावर आला. माझ्या मते ती मनीऑर्डरच्या पावतीची आवाजी आवृत्ती आहे. तो बोलला नाही तर गिऱ्हाइकाच्या नव्हे, स्वतःच्या खात्यात पाहावे. आणि सकाळी दुकान उघडताना आपल्या चौकोनावर दुसऱ्या कोणाचा कागद चिकटवलेला नाही ना, हेही पाहावे.

इथे जरा विषयांतर. अशा बातम्यांत 'भामटा' हा शब्द हमखास येतो. हे एका समाजाचे नाव आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या व्यवस्थेने अख्ख्या समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला तरी शब्द राहिला. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' वाचलेल्या पिढीने तो वापरताना थबकायला हवे. आज तेच झारखंडमधल्या जामताऱ्याचे होत आहे. तिथून फोनवरून फसवणुकी झाल्या हे खरे, पण जिल्ह्याच्या नावाची शिवी करणे ही १८७१ चीच रीत झाली.

कायद्याचा आकडाही बदलला. १८६० च्या दंडसंहितेतले ४२० कलम मराठीत चारसोबीस होऊन बसले होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ३१८ झाले. 'तीनशे अठरा' म्हणून कोणी कोणाला शिवी देईल असे वाटत नाही. ग्राहकाच्या दृष्टीने रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक जास्त महत्त्वाचे. त्रयस्थाने परस्पर पैसे काढले आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर भार नाही. पण ग्राहकानेच पिन किंवा ओटीपी दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचा. शहाजोग हुंडीत चुकीच्या माणसाला दिलेल्या पैशांची जबाबदारी घेणारा शहा असे. इथे त्याची जागा रिकामी आहे.

ती भरण्याच्या हालचाली उशिरा का होईना झाल्या. पैसे देण्याआधी घेणाऱ्याचे बँकेतले खरे नाव दिसलेच पाहिजे, असा दंडक २०२५ च्या मध्यापासून आला. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसरीकडे पैशांची विनंती धाडण्याची सोय बंद झाली; याच सोयीआड 'पैसे घ्या'च्या वेशातली मागणी लपून येत असे. मात्र नाव दिसणे आणि पत असणे यांत अंतर आहे. पडद्यावरचे नाव खरे असते, पण त्या नावाच्या गरजू माणसाने आपले खाते थोड्या पैशांसाठी भाड्याने दिलेले असू शकते. तिथून रक्कम काही मिनिटांत दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात सरकते. म्हणूनच १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा. पैसे वाटेतल्या ज्या खात्यात असतील तिथेच ते गोठवता येतात. त्यासाठी व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ हाताशी ठेवावी, बँकेला त्याच दिवशी लेखी कळवावे, आणि फोन करण्याआधी घरच्यांच्या रागाचा विचार करत बसू नये.